एकसारखे ठोके

"काल दिवसभर पडूनच होते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सावळीरामने तोंड उघडायच्या आतच त्याची बायको चंद्रभागाबाई हो म्हणाली.

सावळीराम मखमलाबादचा फूलशेतकरी, साखरेचा जुना रोगी. काल नाशिकच्या या दवाखान्यात त्याच्या छातीला तारा चिकटवून कमरेला यंत्र बांधलं होतं. ठोके नोंदवायचे होते. रोजचं सगळं करा, फक्त यंत्राला पाणी लागू देऊ नका, असं बजावून त्याला घरी पाठवलं होतं.

चंद्रभागाबाई खोटं बोलली ती लाजेपोटी. काल ती दोघं घरी पोहोचतात तोच सावळीरामचा थोरला भाऊ रंगनाथ गेला. भावाला मूलबाळ नव्हतं, म्हणून सावळीरामनेच अग्नी दिला. पण मसणातून आल्यावर यंत्र भिजेल म्हणून त्याने अंघोळ केली नाही. बिनअंघोळीचा माणूस घरात कसा घ्यायचा? तो ओट्यावरच बसून राहिला. चंद्रभागाबाईने चहाचा कप लांबूनच सरकवला. शेजारपाजारी कुजबुज झाली ती झालीच. आता ही गोष्ट दवाखान्यात कशाला?

"पडून होते, मग तितकी काळजी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ठोके फारच एकसारखे आले होते. घड्याळासारखे, म्हणजे चांगलेच की, असं चंद्रभागाबाईला वाटलं. तसं नसतं, बाईंनी समजावलं. धडधाकट हृदय श्वासागणिक जरा मागेपुढे होतं. जिना चढलं, जीव गलबलला, की ते धावतं.

"चालताबोलता माणूस असता आणि तरी असंच आलं असतं, तर मला भीती वाटली असती. जुन्या साखरेने हृदयाच्या नसा मेल्या की असं होतं. असं हृदय कधीकधी न सांगता थांबतं."

सावळीरामने ऐकून घेतलं. घाबरला तर तो होताच, पण औषध देणाऱ्यापासून दुखणं लपवण्यात काय शहाणपण?

"पडून नव्हतो, मॅडम," तो म्हणाला. "काल संध्याकाळी थोरल्या भावाला पोचवलं. खांदा दिला, अग्नी दिला."

बाईंनी मिटलेला रिपोर्ट पुन्हा उघडला. संध्याकाळची पानं शोधून त्या बराच वेळ बघत राहिल्या. दुपारी जसे ठोके होते तसेच संध्याकाळी होते. सावळीरामला ते कागद वाचता येत नव्हते, पण बाईंचा चेहरा वाचता येत होता. आपलं काही खरं नाही, हे त्याला कळलं.

चंद्रभागाबाईला मात्र वेगळंच झोंबलं. भाऊ गेला तरी ह्यांना काही वाटलं नाही, असं हे यंत्र सांगतंय की काय?

"मशीनला काय दिसलं ते मला नाय माहीत," ती म्हणाली. "पण हे लय रडले, मॅडम. रातभर ओट्यावर एकटेच रडत होते. अंघोळ नव्हती, म्हणून मी पाठीवर हातबी ठेवला नाय."