सात झडपा

बॉस्टनहून प्रणवच्या पहिल्या बायकोचा, उत्कर्षाचा, मेसेज आला, सोबत फोटो. घर गरम ठेवणारे वाफेवरचे रेडिएटर नीट तापत नाहीत. हवा सोडणाऱ्या झडपा बदलायच्या आहेत, कुठल्या घेऊ? “सात लागतील,” फोटो न उघडताच प्रणव म्हणाला. “उत्तरेकडची खोली उशिरा तापते, तिथे मोठ्या भोकाची हवी. बेडरूममधली पहाटे शीळ घालायची.” आणि तो हसला. ते घर सोडून त्याला नऊ वर्षं झाली. इथे पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमधल्या एसीचा फिल्टर कुठे असतो, हे त्याला अजून माहीत नाही. मी लॅपटॉप ओढला. “अगं, बघतो मी.” “वाफ माझा विषय आहे,” मी म्हणाले. तक्ते ताडून मी झडप निवडली, भोक कमीजास्त होणारी, आवाज न करणारी. “एवढी महाग? साधी दोन वर्षं टिकते की.” “म्हणूनच.” त्याच्याच फोनवरून कळवलं: सातही याच घे, पंधरा वर्षं विचारावं लागणार नाही.