मधला सेट

बोगद्यात टॉवरची रेंज येत नाही, म्हणून निरोप एका वायरलेस सेटवरून जवळच्या दुसऱ्या सेटवर असा हातोहात जातो. वाट शोधायची कोणती पद्धत बरी, ते आम्ही तपासत होतो. तोंडाशी वहिनी, मध्ये मी, पार आत फोरमन. जुनी पद्धत यादीतल्या सेटनाच विचारते. वहिनीने फोरमनला धाडलेला निरोप माझ्यापाशी अडला. फोरमन फार लांब होता. नवी पद्धत यादी बघत नाही, जवळ असेल त्याला विचारते. निरोप पोचला.

"तुमच्या पुढे कोणाचा सेट लागला माहितीये?" सेटवर वहिनीचा आवाज आला. "ह्यांचा."

मागे बोगद्याचं छत कोसळलं तेव्हा दादा सापडलाच नव्हता. यादीतून त्याचा सेट मीच काढला होता.

"वहिनी, बंद करा ते."

"माणूस चालत असला तरच सेट चार्ज होऊन जागा राहतो ना, भाऊजी?"

तिने दादाच्या सेटवर निरोप धाडला. दादाचा सेट माझ्या पुढे आत, म्हणजे निरोप माझ्यावरूनच जायला हवा होता, पण माझा सेट वाजला नाही.

"पोचला," वहिनी हळूच म्हणाली. "या वेळी मध्ये कोणीच नाही."

बोगद्यातून बाहेर पडायची वाट एकच आहे, आणि तिच्यावर मी उभा होतो. माझ्या शेजारून कोणीच गेलं नव्हतं.