तिसऱ्या रांगेतलं कुटुंब

तिसरी घंटा झाली आणि चिमणीचं अंग तापलंय हे बाबांच्या लक्षात आलं. दारं लागली होती, दिवे उतरत होते, आणि तिसऱ्या रांगेच्या मधोमध बसलेल्या माणसाला दहा-बारा जणांचे गुडघे ओलांडल्याशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती.

त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. मग आईकडे पाहिलं. आई पडद्याकडे बघत होती, ताठ बसून.

"हिला ताप आहे," ते कुजबुजले.

"प्रयोग संपला की जाईल ना घरी. तोवर बसा."

बाबा बसले. कोट त्यांचा नव्हता, काखेत काचत होता. आतल्या बाजूला कुणीतरी शाईनं घातलेला आकडा बाहेर दिसू नये म्हणून ते सारखी कड आत दुमडत होते. दुपारच्या प्रयोगाला एवढा जामानिमा कशाला, असं त्यांना पहिल्यापासून वाटे. पण आईच्या साडीला शोभेल असा त्यांच्याकडे दुसरा कोट नव्हता, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

पहिला अंक विनोदी होता. तापातही चिमणी खुदकन हसायची. एकदा तर नटाचं वाक्य पुरं व्हायच्या आतच हसली. पलीकडे बसलेले चष्मेवाले गृहस्थ कौतुकानं वळले.

"हुशार आहे हो तुमची लेक."

बाबांनी मान डोलावली आणि तिचा हात हातात घेतला. तळव्याला चटका बसला.

मध्यंतरात त्याच गृहस्थांनी त्यांना गाठलं. बिचारे एकटेच आले होते. बायको आणि दोन मुलं घरी. ऑफिसात जादा काम निघालंय अशी थाप मारून आले होते, कारण चौघांनी यायचं तर महिन्याचा किराणा विसरावा लागला असता. एका तिकिटानंच खिसा रिकामा झाला, म्हणाले. मग बाबांच्या कोटाकडे, आईच्या साडीकडे आणि चिमणीच्या रेशमी फितीकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. तुम्हाला जमतं बुवा, एवढंच म्हणाले. बाबांना कुठे तोंड लपवू असं झालं.

चिमणीला पाणी पाजून तसंच बाहेर सटकावं म्हणून ते दाराकडे निघाले, तर वर्तमानपत्राची बाई आडवी आली. नाटकाची तिकिटं सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेली अशी ओरड आहे, तुम्ही तर सहकुटुंब आलात, तुमचं काय मत, असं तिनं विचारलं. आई लगबगीनं शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं चिमणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"इच्छा असली की जमतं," बाबा म्हणाले. "घरच्यांसोबत हसायला मिळतं, त्याची किंमत काय करायची?"

वाक्य कसं गुळगुळीत बाहेर पडलं. बाईनं फोटो काढला. फोटोत तिघंही हसत होते आणि चिमणीचे गाल लालबुंद होते. गोड आलाय फोटो, असं बाई म्हणाली.

घंटा झाली. चिमणी जागेवरून हलेना.

"मी नेतो हिला डॉक्टरकडे," बाबा म्हणाले.

आईनं त्यांचं मनगट धरलं. आवाज खालीच होता, पण बोटं रुतली. "अहो, आत्ता उठलो तर सगळं वाया जाईल. पुन्हा इथे पाऊल ठेवता येणार नाही. तुम्हाला माहीत नाही का?"

बाबांना माहीत होतं. म्हणून तर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले. चिमणीला मांडीवर घेतलं. डावीकडे गुडघे, उजवीकडे गुडघे, पुढे माना, मागे पुन्हा गुडघे. पैसे मोजून माणसं अशी कोंडून घेतात आणि वर टाळ्या वाजवतात, याचं त्यांना हसू आलं असतं एरवी.

दुसऱ्या अंकात रंगमंचावरचा बाप मुलीला निरोप देतो. तो प्रवेश सुरू व्हायच्या आधीच आईनं पर्समधून रुमाल काढून ठेवला. त्याच वेळी चिमणीला हुडहुडी भरली. तिचे दात वाजायला लागले, आणि तशातही तिनं वर बघून विचारलं, "बाबा, आता रडायचं का?"

बाबा उठले.

तिला खांद्यावर टाकून, माफ करा, माफ करा म्हणत, कुणाच्या चपलेवर पाय देत ते निघाले. चष्मेवाल्या गृहस्थांनी पाय वर घेतले. आई जागची हलली नाही. तिनं रुमाल डोळ्यांना लावला होता.

दारावरच्या माणसानं त्यांना अडवलं नाही. नुसता हात पुढे केला.

"कोट ठेवून जा."

बाबांनी कोट काढून दिला. आजचा रोज मिळणार नाही आणि उद्या येऊ नका, हेही त्या माणसानं सांगितलं, जरा ओशाळूनच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आहोत, हिच्या घरून न्यायला आले की तिकडे पाठवा, एवढा निरोप ठेवून बाबा नुसत्या शर्टावर रस्त्यावर आले. उन्हानं डोळे दिपले. किती दिवसांत छातीभर श्वास घेतला नव्हता, असं त्यांना वाटलं.

दवाखान्यात गर्दी नव्हती. टेबलामागच्या बाईनं वही पुढे ओढली.

"पेशंटचं नाव?"

"चिमणी."

"लाडाचं नाव नको. पूर्ण नाव सांगा. मुलीचं, वडिलांचं, आडनाव." त्या थांबल्या. "वडीलच ना तुम्ही?"

चिमणीनं गळ्याला घट्ट मिठी मारली. "बाबा, चला ना," ती पुटपुटली. बाई पेन धरून वाट बघत होत्या.

बाबांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "चिमणे, तुझ्या बाबांचं नाव काय गं?"