वरची ओळ

जयंतीच्या सणासाठी नुकताच ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवर लाल तेलखडूचे फराटे बघून चंदरचं टाळकंच सटकलं. अख्ख्या बुवापाड्यात अशी चकचकीत भिंत दुसऱ्या कुणाची नव्हती. पहिलीतल्या लेकीला, सुजाताला, त्यानं एक ठेवून दिली. पोरगी रडली, पण तोंडातून शब्द काढला नाही. नुसती आईकडे बघत राहिली.

साबणानं डाग हलेनात, तसा त्यानं रॉकेलचा बोळा घेतला आणि काय लिहिलंय ते वाचायच्या भानगडीत न पडता खालपासून घासत सुटला. शेवटची ओळ पुसताना मात्र त्याला हात खांद्याच्याही वर न्यावा लागला.

"एवढ्या वर हिचा हात पोचला कसा?"

त्याच्या बायकोनं, वेणूनं, तव्यावरची भाकरी उलटली. "तिचा नाही, माझा पोचला. लिहायला शिकवते ती मला."

चंदरनं भिंतीकडे पाहिलं. रॉकेलच्या ओलीशिवाय तिथं काही उरलं नव्हतं.

"काय लिहिलं होतंस?"

"तुमचं नाव. तोंडानं घेत नाही ना, म्हणून म्हटलं, एकदा लिहून बघावं."