जबाबदार माणसाचा नंबर

खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “ओटीपी यजमानांच्या मोबाइलवर गेलाय, काकू. त्यांना विचारा.”

“ते दिवाळीत वारले, तीन दिवस हेच सांगतेय. नंबरही बंद केला.”

“मग नंबर बदलावा लागेल. पण त्याचा ओटीपीसुद्धा जुन्याच नंबरवर जातो.”

शशिकलाबाईंच्या पिशवीत सहा वर्षं खपून लिहिलेला प्रबंध होता. कॉलेजच्या सॉफ्टवेअरवर तो आज पाचच्या आत चढवला नाही, तर नोंदणीच रद्द होणार होती. आणि यजमानांचा नंबर त्यांनी काही हौसेनं दिला नव्हता. प्रवेशाच्या वेळी याच साहेबांनी बाईंचा स्वतःचा नंबर खोडायला लावला होता, “घरातल्या जबाबदार माणसाचा द्या” म्हणून. इथेच बी.ए.ला वडिलांची सही लागली होती, बी.एड.ला सासऱ्यांची.

त्यांनी कोरा कागद आत सरकवला. “लिहून द्या. नवरा मेला म्हणून बाईला प्रबंध देता येत नाही. खाली सही करा, शिक्का मारा. मी प्राचार्यांच्या दारावर चिकटवते.”

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि गुपचूप जुना नंबर काढून बाईंचा घातला. पिशवीतला फोन वाजला. ओटीपी आला होता.

म्हणजे होत होतं तर! तीन दिवस हेलपाटे घालायला लावले मेल्यानं! बाईंचा राग उलट आणखीच भडकला.

“झालं हो काकू,” साहेब समजुतीनं म्हणाले, “आता दुसरा नंबर म्हणून मुलाचा टाकून ठेवू?”

बाईंनी खिडकीतून हात घातला आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला.