रिकाम्या गाडीची थरथर

जॉइंट तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा स्टिअरिंगवर दुलीचंद नव्हता. त्याचा पोरगा हिमांशू होता.

तांदळाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक आमगावच्या अलीकडे भर रस्त्यात बसला. इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी शाफ्ट, ज्याला ड्रायव्हर नुसतं जॉइंट म्हणतात, तो एका टोकाला तुटून रस्त्यावर टेकला होता. क्रेननं गाडी सुकराम मिस्त्रीच्या गॅरेजात ओढून आणली. सुकरामनं आधी गाडीखाली डोकं घातलं नाही. त्यानं दुलीचंदला फोन लावला.

दुलीचंद बांधीत धान कापत होता.

"त्या गाडीसंग माझं आता काय?" तो म्हणाला.

"गाडीले तोंड नाही ना. तिचं दुखणं ड्रायव्हरच सांगते. ये. पोरगा बी इथंच बसून आहे."

पोरग्याचं नाव ऐकून दुलीचंदनं फोन ठेवला. मग विळा बांधावर ठेवून सायकलकडे निघाला.

आधीचे दोन्ही जॉइंट त्याच्या हातून तुटले होते. ट्रकचा मालक केवलराम सेठ स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाला होता, "म्हातारा झाला हा. याच्या पायाले क्लच समजत नाही आता. झटके मारते." केस पांढरे होईपर्यंत गाडी चालवलेला माणूस घरी बसला. पण त्याला खरं लागलं ते पुढचं. त्याच आठवड्यात हिमांशू सेठकडे गेला आणि त्याच गाडीची चाबी मागून घेऊन आला. तेव्हापासून दुलीचंद पोरग्याशी बोलला नव्हता. एका घरात राहून बाप-लेकाचे निरोप प्रेमिला, हिमांशूची आई, सैपाकखोलीतून ओसरीवर पोचवायची.

गॅरेजात केवलराम सेठ हिमांशूवर ओरडत होता. "जसा बाप तसा पोरगा! क्लच सोडताना पाय दगडाचा होते काय रे?"

हिमांशू मान खाली घालून उभा होता. दुलीचंदनं सायकल भिंतीला लावली आणि सरळ त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"सेठ, मले बोलले तं बोलले. याचा पाय हलका आहे. मीच शिकवला."

हिमांशूनं चमकून बापाकडे पाहिलं. बापानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

गाडीखालून सुकरामचा आवाज आला. "दुलीचंद, तुटायच्या आधी गाडी थरथरत होती का?"

"होती. चाळीसच्या वर गेली का सीटखाली भोवरा फिरल्यासारखं वाटे."

"भरलेली असताना?"

"नाही. माल उतरवून रिकामी आणताना."

सुकराम सरपटत बाहेर आला. "अन तुले रे, हिमांशू?"

"रिकामीच. भरली का गप होते."

"अरे, पण तुटली तं दरवेळी भरलेलीच!" सेठ म्हणाला.

"रिकामी असताना घासते सेठ, अन भरल्यावर तुटते," सुकराम म्हणाला.

त्यानं मोबाईलमधलं कोन मोजायचं ॲप उघडलं. मोबाईल आधी गिअर बॉक्सवर ठेवला, मग शाफ्टवर, मग मागच्या चाकांमधल्या हाउसिंगवर, जिथं शाफ्टचं दुसरं टोक बसतं. आकडे पाहून त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं गाडीचं वजन पेलणाऱ्या मागच्या पाट्यांवर पान्याची टकटक केली.

"हे दोन पाटे नवे दिसतात. कवा चढवले?"

सेठ म्हणाला, "गेल्या सीझनले. माल जास्त बसावा म्हणून."

"त्यानं मागची बाजू उचलली गेली. हाउसिंगचं तोंड फिरलं. तवापासून रिकामी गाडी पळाली का जॉइंट वाकडाच फिरते. त्याच्या सांध्यातला क्रॉस घासून खाऊन जाते. मंग पुढच्या खेपेले वजन पडलं का कडकन तुटते. ड्रायव्हर कोणी बी बसवा, सेठ. तुम्ही बसले असते तरी तुटला असता."

केवलराम सेठ पाट्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काढ ते."

वाढवलेले पाटे उतरले. नवा क्रॉस बसला, शाफ्ट सरळ करून आला. सुकरामनं पुन्हा कोन मोजले आणि या खेपेला मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी देवरी रोडवर निघाली. स्टिअरिंगवर हिमांशू, मध्ये दुलीचंद, खिडकीशी सेठ. चाळीस झाले. दुलीचंदनं चप्पल काढून पाय खालच्या पत्र्यावर टेकवले. पन्नास झाले. साठ. पत्रा गप्प होता. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. दुलीचंद मोठ्यानं हसला.

"दुलीचंदभाऊ," सेठ म्हणाला, "चूक माझी होती. स्टँडवर चाला, सगळ्यांसमोर सांगतो. अन उद्यापासून या गाडीवर तुम्हीच."

दुलीचंद काही बोलायच्या आत हिमांशूनं गाडी बाजूला घेतली. इंजिन सुरूच ठेवून तो खाली उतरला.

"सरका, बाबूजी. बसा तुमच्या जागेवर."

दुलीचंद स्टिअरिंगमागे सरकला. दार धरून उभ्या असलेल्या पोरग्याकडे त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं.

"इतक्या लवकर सोडाची होती, तं मंग घेतली कायले होती रे ही गाडी?"

"जॉइंट तुमच्या हातून तुटला तं सगळे म्हणाले, म्हाताऱ्या पायाची चूक आहे," हिमांशू म्हणाला. "तुम्ही शिकवली तशीच चालवून तो माझ्या हातून बी तुटायले पाहिजे होता."