ओव्याचा धूर

"आई, नको. घराला कळेल," बाळाला पोटाशी धरून रेवती म्हणाली.

"कळू दे. बाळंतिणीला धुरी द्यायची नाही म्हणजे काय?" इंदूताईंनी गावाहून आणलेल्या शेगडीतल्या निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला.

धूर वर गेला. भिंत हळू आवाजात म्हणाली, "हवा बिघडली. इमारतीचा पाचवा हरित तारा गेला. तो परत मिळेपर्यंत लिफ्ट बंद." मग थोडे थांबून तिने विचारले, "पण हा वास कसला? मला ओळखता येत नाही."

रेवतीचा चेहरा उतरला. मागच्या वर्षी तारा घालवणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्यांनी मत देऊन इमारतीबाहेर काढले होते.

बेल वाजली. तो ठराव मांडणारे तळमजल्यावरचे चोरघडेच दारात उभे होते. जिने चढून त्यांना धाप लागली होती.

"काका, चुकलं आमचं," रेवती म्हणाली.

चोरघड्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. "ओवा ना? इथं राहायला आल्यापासून नाकाला काही कळलंच नव्हतं हो."

इंदूताई दार लावू लागल्या.

"राहू द्या उघडं," ते म्हणाले. "आमची ही येतेय मागून. गुडघे दुखतात तिचे, पण ऐकेना."